कार्बनकाका

कारखान्याच्या गेटातून आत आलं की माणसं घड्याळाकडं बघतात, हजेरीच्या मशीनकडं बघतात, फार तर समोरून मालक येत नाहीत ना एवढं बघतात. आमचे काका छताकडं बघतात. छताला दिवे असतात. दिवस वर आल्यावरही त्यांतला एखादा जळत असला तर काका जागच्या जागी थांबतात, खिशातली वही काढून काहीतरी टिपतात आणि मग तो दिवा ज्याच्या डोक्यावर आहे त्याच्याकडं अशा नजरेनं बघतात, की त्या बिचाऱ्यानं चूक नसताना हेल्मेट काढून हातात घ्यावं.

हा नमुना आता बहुतेक कंपन्यांत सापडतो. मोठ्या कंपनीत त्याला सस्टेनेबिलिटी हेड म्हणतात. त्याला काचेची केबिन असते, हाताखाली इंग्रजी बोलणारी पोरं असतात आणि पृथ्वी वाचवायला तो सारखा विमानानं दिल्लीला जातो. मधल्या कंपनीत हे काम सेफ्टी ऑफिसरच्या गळ्यात पडतं, म्हणजे आगीचे बंब आणि जगाचं तापमान एकाच कपाटात. आमच्या कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मात्र यासाठी वेगळा माणूस नेमायची पद्धत नाही. जो सापडेल तो. काका सापडले.

त्याचं असं झालं. सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केला. आम्ही शेअर बाजारात नाही. आमच्या थोरल्या मालकांचा कुठल्याच बाजारावर विश्वास नाही, भाजीच्या बाजारावरसुद्धा नाही. पण आमचं मोठं गिऱ्हाईक त्या हजारांत आहे. तुम्ही हवेत किती सोडता, असं गिऱ्हाइकाला विचारलं गेलं; गिऱ्हाइकानं तोच प्रश्न एका लांबलचक एक्सेल शीटमध्ये घालून आमच्याकडं पाठवला आणि खाली लिहिलं, कपातीचा आराखडाही जोडावा. मेल धाकट्या मालकांना आला. त्यांनी तो एचआरला ढकलला, एचआरनं क्वालिटीला, क्वालिटीनं मेंटेनन्सला, मेंटेनन्सनं स्टोअरला. स्टोअरच्या खाली कुणी नसतं.

स्टोअरला काका होते आणि काकांना एक खोड होती. ते आलेला कागद पूर्ण वाचतात. मिक्सरचं वॉरंटी कार्डसुद्धा त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं असतं. त्यांनी मेल वाचला, शीट वाचलं, शीटमध्ये ज्या ज्या कागदाचा उल्लेख होता तो तो कागद काढून वाचला. वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं आणि जिनिव्हाच्या उद्योगांच्या एका मंडळानं २००१ साली मिळून कंपन्यांच्या हरितगृह वायूंचा हिशेब कसा ठेवायचा याची नियमावली काढली, २००४ साली ती सुधारली, ही माहिती शिरोलीत त्या वेळी एकट्या काकांना होती. आठवड्याच्या आत ती सगळ्या शिरोलीला झाली.

हिशेबाची फोड ते कँटीनमध्ये करायचे. "स्कोप एक म्हणजे आपल्या अंगणात जळतंय ते. जनरेटरचं डिझेल, लेडल तापवायचा गॅस, आपला टेम्पो. स्कोप दोन म्हणजे आपल्यासाठी दुसऱ्याच्या अंगणात जळतंय ते. भट्टी इथं चालते, कोळसा चंद्रपुरात जळतो."

"आणि तीन?" कंप्रेसरवाल्या फिटरनं विचारलं.

"तीन म्हणजे उरलेलं जग. कच्चा माल, ट्रक, तुमचं रोजचं येणं-जाणं, आपलं कास्टिंग पुढं ज्या गाडीत बसतंय त्या गाडीचा धूर. पंधरा प्रकार आहेत."

"मग काका, सगळंच तीनात घाला की. जगाच्या नावावर खपंल."

फिटर हसला. काका हसले नाहीत. त्यांनी वहीत फिटरचं नाव लिहिलं. त्यानंतर बरेच दिवस त्या माणसाच्या आयुष्यात काय काय घडलं ते पुढं येईलच.

काकांची खरी दौलत म्हणजे आकडे. डिझेलच्या लिटरला २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, विजेच्या युनिटला साधारण ०.७ किलो, गॅसच्या किलोला ३ किलो. कुणी काहीही बोललं की काका त्याला यातल्या एकानं गुणतात. टेम्पोच्या ड्रायव्हरला मात्र हे गुणणं पटेना. "काका, लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत न्हाई. मग त्यातनं अडीच किलो धूर कुठनं येतोय? पंपावर काटा मारतात ते ऐकलं हुतं. ह्यो तर उलटा काटा झाला." ड्रायव्हरच्या प्रश्नाला उत्तर होतं. डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन धरतो, एका कार्बनला दोन ऑक्सिजन, आणि वजन त्या ऑक्सिजनचं वाढतं. काकांनी ते तीन चहाच्या कपांनी समजावलं. एक कप कार्बन, दोन कप ऑक्सिजन. ड्रायव्हरनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे हवा बी आमच्याच नावावर घातली व्हय?"

मेल्टिंगला तर भलताच गोंधळ झाला. फौंड्रीत कार्बन हा रोजच्या जेवणातला जिन्नस आहे. ग्रे आयर्नमध्ये तो तीन-साडेतीन टक्के लागतोच; कमी पडला तर कास्टिंग काचेगत कडक होतं, मशीनवरचं टूल मोडतं. काकांनी भट्टीपाशी पाटी लावली, 'चला, कार्बन कमी करू या!' रात्रपाळीच्या मेल्टरनं पाटी वाचली आणि हात जोडून क्वालिटीच्या साहेबांना उठवायला फोन केला, की साहेब, हे तुमच्या सहीनं लिहून द्या, मी माझ्या जबाबदारीवर करणार नाही. पाटी सकाळी उतरली. माझ्या खरेदी खात्याचा अनुभव त्याहून सरस. स्कोप तीनमधला मोठा वाटा कच्च्या मालाचा म्हणून काकांनी माझ्याकरवी पिग आयर्नच्या पुरवठादाराला पत्र घातलं, की तुमच्या मालाचा टनामागं कार्बन कळवावा. झोतभट्टीत दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड काढताना टनाला दीड-दोन टन वायू सहज जातो, त्यामुळं आकडा महत्त्वाचा होता. पुरवठादाराचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, टेस्ट सर्टिफिकेटसकट: कार्बन ४.१ टक्के, आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये आहे, कृपया पेमेंट सोडावं.

आता आराखडा करायचा तर आधी आज किती सोडतो ते कळायला हवं, आणि ते कळायला बिलं हवीत. काकांनी बिलं मागायला सुरुवात केली आणि कारखान्यातले लोक त्यांना बघून रस्ता बदलायला लागले. विजेचं बिल सरळ असतं, महावितरण ते विसरत नाही. डिझेलचं लॉगबुक होतं, पण त्यात जनरेटरचं डिझेल, टेम्पोचं डिझेल आणि धाकट्या मालकांच्या मेहुण्यांच्या गाडीचं डिझेल एकाच अक्षरात लिहिलेलं. एसीच्या मेकॅनिकच्या बिलावर नुसतं 'रिपेरिंग व गॅस, नग १' एवढंच. काकांनी त्याला गाठलं.

"कुठला गॅस भरलास?"

"एसीचा."

"किती किलो?"

"गार लागेस्तोवर."

हे उत्तर ऐकून काका ज्या खुर्चीवर बसले त्या खुर्चीवरून बराच वेळ उठले नाहीत. कारण एसीत भरतात त्या आर-४१० ए वायूचा एक किलो हवेत गेला, तर तो जवळपास दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा असतो. म्हणजे साडेसातशे लिटर डिझेल. काकांनी मागची बिलं काढली तेव्हा दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागणारा एसी एकच निघाला, आणि तो धाकट्या मालकांच्या केबिनचा. मीटिंगमध्ये काकांनी हे अदबीनं मांडलं. म्हणाले, "चौरस फुटाच्या हिशेबानं बघितलं तर भट्टीनंतर साहेबांचाच नंबर लागतोय." धाकट्या मालकांना आधी वाटलं आपलं कौतुक चाललंय.

सीमा ठरवायचा प्रसंगही असाच. कंपनीच्या हिशेबात काय धरायचं आणि काय नाही हे आधी आखून घ्यावं लागतं. थोरल्या मालकांचा पन्हाळ्याला एक बंगला आहे, त्याचं वीजबिल कंपनी भरते. काकांनी तो यादीत घेतला. थोरले मालक भडकले. "बंगला घरचा हाय. त्याचा कंपनीशी काय संबंध?" काका म्हणाले, "बरोबर आहे दादा. मग बिलही घरच्या खात्यावर टाकतो." थोरल्या मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ऱ्हाऊ दे. कंपनीचाच हाय."

पण काकांचा सगळ्यात मोठा झगडा झाला तो आधारवर्षावरून. किती कमी केलं हे सांगायला कुठल्यातरी वर्षापासून मोजायला लागतं. धाकट्या मालकांना व्यवहार चांगला कळतो. त्यांनी सांगितलं, ज्या वर्षी जास्तीत जास्त धूर सोडला ते वर्ष धरा, म्हणजे काही न करता कपात दिसेल. काकांनी नकार दिला. मग त्यांनी स्वतः एकेक वर्ष तपासायला घेतलं. २०१९-२०: ऑगस्टात महापूर, शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली, मार्चात लॉकडाऊन. २०२०-२१: कारखाना अर्धा बंद, ते आधार धरलं तर पुढं जन्मभर वाढच दिसणार. २०२१-२२: जुलैत पुन्हा पूर, पुन्हा हायवे बंद, जनरेटर रात्रंदिवस चालू. कोल्हापुरात सरळ वर्ष शोधायचं म्हणजे पंचांगातही सापडणार नाही. शेवटी २०२२-२३ धरलं, कारण त्या वर्षी पूर आला नाही आणि बिलं भिजली नाहीत. मला विचाराल तर आधारवर्ष निवडायची ही कसोटी त्या वॉशिंग्टनच्या नियमावलीत घालायला हरकत नाही.

मग उद्दिष्ट. देशानं नेट झिरोसाठी २०७० साल जाहीर केलंय, नोव्हेंबर २०२१ मध्ये, ग्लासगोच्या परिषदेत. धाकट्या मालकांना ते साल फार आवडलं. "देशाला चालतंय तर आम्हाला का नको?" त्या वेळी ते नव्वदीत असतील आणि त्यांना कुणी जाब विचारणार नाही. गिऱ्हाइकाला मात्र २०३० पर्यंतची घट हवी होती. जगभरच्या कंपन्यांची उद्दिष्टं तपासणारे जे सायन्स बेस्ड टार्गेट्सवाले आहेत त्यांच्या मापानं स्कोप एक आणि दोन मिळून दर वर्षी निदान ४.२ टक्के सरळ उतरायला हवेत, प्रति टन वगैरे सवलत न घेता. काकांनी हे सांगितल्यावर मीटिंगमध्ये जी शांतता पसरली, तेवढी शांतता आमच्या कारखान्यात फक्त भारनियमनात पसरायची.

इथं आमच्या फौंड्रीचा हिशेब थोडा सांगायला हवा, नाहीतर काकांचं दुःख कळणार नाही. इंडक्शन भट्टीत एक टन धातू वितळवायला साधारण सहाशे युनिट वीज लागते. आम्ही महिन्याला पाचशे टन वितळवतो, म्हणजे ३ लाख युनिट, म्हणजे २१० टन कार्बन डायऑक्साइड, नुसत्या वितळवण्याचा. धाकट्या मालकांनी थाटात छतावर शंभर किलोवॅटचं सोलर बसवलं, फीत कापली, पेढे वाटले. शंभर किलोवॅटचं सोलर आपल्याकडं वर्षाला दीड लाखाच्या आत-बाहेर युनिट देतं. म्हणजे वर्षभर सूर्यनारायणानं इमानेइतबारे काम केलं की आमची जेमतेम पंधरा दिवसांची भट्टी. त्यातून फौंड्रीचं छत. पॅनेलवर आठवड्यात वाळूचा थर बसतो, तो धुवायला बोअरचं पाणी, बोअरला मोटर, मोटरला वीज; काकांनी ती वीजही वजा केली. आणि वरताण म्हणजे रात्रीची वीज स्वस्त असायची म्हणून आमचं मेल्टिंग वर्षानुवर्षं रात्री चालत आलेलं. सूर्य दिवसा, भट्टी रात्री. काका म्हणायचे, "यांची भेट घालून द्यायची तर एकाला पाळी बदलायला पाहिजे. सूर्याचं मी बघतो, मेल्टिंगचं तुम्ही बघा."

म्हणून काकांनी आपला आराखडा वरून न करता खालून केला. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी एक आडवी रेघ मारली. रेघेच्या वर जी कामं केली तर पैसे जातील ती. रेघेच्या खाली जी केली तर पैसे येतील ती. ही आकृती मोठमोठे सल्लागार लाखो रुपये घेऊन रंगीत काढून देतात. काकांनी ती निळ्या पेनानं काढली आणि थोरल्या मालकांपुढं नेली. थोरल्या मालकांचा हवामान बदलावर विश्वास नाही. पाऊस पूर्वीही लहरी होता, असं त्यांचं मत आहे. पण 'फुकट जातंय' हे शब्द त्यांच्या कानावर पडले की त्यांच्यात पंचविशीतली ताकद येते.

"रेघेखालचं पहिलं काय हाय?"

"कंप्रेसरची हवा, दादा. लायनीला जागोजागी भोकं आहेत. सात बारच्या लायनीला तीन मिलिमीटरचं एक भोक असलं की तीन-चार किलोवॅट गेले. दिवसरात्र चाललं तर महिन्याला दोन-अडीच हजार युनिट."

"रुपयात बोल."

"वीसेक हजार."

"महिन्याला? एका भोकाला?" थोरले मालक उठून उभे राहिले. "कुठाय ते? दाखव!" आणि कारखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा मालक स्वतः शॉप फ्लोअरवर जाऊन एका पाइपच्या जॉइंटवर अंगठा दाबून उभे राहिले. फिटर पान्हा घेऊन येईपर्यंत त्यांनी अंगठा काढला नाही.

इथं तो फिटर आला. वहीत नाव लिहिलेला. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद असताना काका त्याला घेऊन यायचे. सगळी मशीनं बंद, फक्त कंप्रेसर चालू. कुणीच हवा वापरत नसताना कंप्रेसर किती सेकंद लोडवर जातो आणि किती सेकंद मोकळा फिरतो हे काका घड्याळ धरून मोजायचे. त्यावरून गळती किती ते निघतं. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोघं लायनीभर फिरायचे. फेस आला की खडूनं गोल. त्या शांततेत गळक्या जॉइंटांचा आवाज असा यायचा, की फिटरनं एकदा बायकोला फोनवर सांगितलं, "कारखान्यात साप हायती." पहिल्या फेरीत खडू संपला.

त्यानंतर दोघांचं भांडण जुंपलं ते अर्ध्या बारवरून. फिटर प्रेशर साडेसातला ठेवायचा. का, तर असू दे की जरा. प्रेशर एक बार उतरवलं तर कंप्रेसरची वीज सहा ते दहा टक्के वाचते. काका सातला आणायचे. काका वळले की फिटर साडेसातला न्यायचा. पुढं काकांनी प्रत्येक मशीनला खरं प्रेशर किती लागतं ते तपासलं, तर कोपऱ्यातल्या एका जुन्या मोल्डिंग मशीनपायी अख्खा कारखाना सातवर चालला होता. त्या एकट्याला वेगळा छोटा बूस्टर दिला आणि बाकी सगळे सहावर आले. मोल्डिंगचा सुपरवायझर दोन दिवस तोंड फुगवून होता, की प्रेशर नसल्यासारखं वाटतंय. काकांनी त्याला गेज दाखवलं. तो म्हणाला, "गेजला काय कळतंय? मनाला वाटायला पाहिजे."

मेल्टिंगला काकांची लढाई झाकणाची. दीड हजार अंशांचा धातू, भट्टीचं तोंड उघडं, समोर मेल्टर निवांत तंबाखू मळतोय. झाकण घालायला सांगितलं तर म्हणायचा, दर खेपेला कोण उघडणार? काकांनी वाद घातला नाही. भट्टीशेजारी स्टूल टाकून ते बसले आणि झाकण मिटून एक हीट, उघडी ठेवून एक हीट अशी मीटरची नोंद काढत राहिले. आणखी एक गोष्ट तिथं बसल्यावर त्यांच्या लक्षात आली. धातू तयार व्हायचा, पण मोल्ड तयार नसायचे. मग भट्टी नुसती गरम ठेवायला वीज जाळत बसायची. मेल्टिंग म्हणे मोल्डिंगमुळं, मोल्डिंग म्हणे कोअर शॉपमुळं, कोअर शॉप म्हणे खरेदीनं रेझिन वेळेवर दिलं नाही. असा पृथ्वीच्या तापमानवाढीचा ठपका फिरत फिरत माझ्या टेबलावर येऊन थांबला.

पण काकांचा खरा वार झाला तो क्वालिटीवर. रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत जातं, त्यामुळं त्याचं नुकसान कुणाला दिसत नाही. लोखंड काय, लोखंडच राहतं. काकांनी खडू घेतला. रिजेक्शनच्या ढिगावरच्या प्रत्येक नगावर ते आकडा लिहायला लागले. ५० किलोचं कास्टिंग असलं तर ३० युनिट वितळवायला, म्हणजे २१ किलो. रनर-रायझरमध्ये गेलेला धातू वेगळा. सकाळी क्वालिटीचे साहेब आले तर समोर पाढे. "हे काय, माझ्या खात्याची बदनामी चाललीय?" काका म्हणाले, "नाही साहेब. तुम्ही तर सगळ्यात मोठी संधी आहात." सल्लागार लोकांच्या शीटमध्ये हा शब्द वाचून काकांनी तो जपून ठेवला होता. तो एवढ्या जोरात लागेल याची त्यांनाही कल्पना नसावी. मात्र त्या महिन्यापासून रिजेक्शनच्या मीटिंगा वेळेवर व्हायला लागल्या. सोलर, हायड्रोजन, झाडं यांच्या भाषणांनी जे झालं नव्हतं ते त्या खडूनं झालं, असं माझं स्वतःचं मत आहे आणि ते मी क्वालिटीच्या साहेबांसमोर बोलणार नाही.

झाडांचं राहिलं. ५ जूनला धाकटे मालक झाड लावतात, फोटो येतो. काका खड्डा खणायला मदत करतात, पाणीही घालतात, पण आपल्या तक्त्यात झाडाला कॉलम देत नाहीत. "झाड झाडासाठी लावायचं," एवढंच म्हणतात.

कामगारांच्या येण्याजाण्याचा सर्व्हे मात्र फसला. फॉर्मवर विचारलं होतं, कसे येता, किती किलोमीटर. लोकांना वाटलं, यावरून प्रवासभत्ता ठरणार. पेठवडगावहून येणाऱ्यानं अंतर साताऱ्याएवढं लिहिलं. एकानं वाहनाच्या रकान्यात 'बुलेट' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली रेघ मारली. एका नवविवाहितानं लिहिलं, 'सासऱ्यांच्या गाडीवरून, तात्पुरतं.' आकडे जोडले तेव्हा आमचे कामगार रोज पुण्याला जाऊन येत असल्याचं निघालं.

घरी काका कसे असतात हे काकूंना विचारावं. काकू म्हणतात, "ह्यांच्या लेखी मी स्कोप एक. गॅस माझ्याकडंच जळतो." मात्र माणूस एकांगी नाही. आमच्या एका सहकाऱ्याच्या जावळाला तांबडा-पांढरा होता. काका मांडी घालून बसले. एका आगाऊ पोरानं विचारलंच, की काका, बकऱ्याच्या मिथेनचं काय? मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट जड पडतो, हे त्याला काकांनीच शिकवलेलं. काकांनी वाटी तोंडाला लावून पांढरा संपवला आणि म्हणाले, "तो स्कोप तीन. स्कोप तीन मोजायला अजून एक वर्षाची मुदत आहे. वाढ."

मार्चअखेर पहिल्या वर्षाचा हिशेब झाला. टनामागं ११ टक्के घट. धाकटे मालक खूश झाले, गेटवर बॅनर लावायचं ठरलं. काका म्हणाले, लावा, पण शेजारी ३ टक्केही लिहा. कारण उत्पादन वाढलं होतं. टनामागं ११ उतरले तरी एकूण धूर तीनच टक्के कमी झाला होता. "हवेला टन कळत नाहीत, साहेब," असं म्हणून त्यांनी दोन्ही आकडे एकाच मापाच्या अक्षरात छापायचा हट्ट धरला. पेंटरनं ११ दोन इंच मोठा काढला तेव्हा काकांनी फूटपट्टी लावून बॅनर परत पाठवला.

वार्षिक बैठकीत प्रत्येक खात्यानं आपापलं यश सांगावं असं एचआरनं काढलं. मेंटेनन्स उभं राहिलं: लिकेज आणि प्रेशर मिळून आमचे ६ टक्के. तो फिटर स्वतः बोलला. आता तो रात्री दोनला काकांना फोन करून सांगतो, की काका, अजून एक सापडला. मेल्टिंग: झाकणाचे ५. क्वालिटी: रिजेक्शनचे ७. धाकटे मालक: सोलरचे ४. एचआर: जागृती सप्ताह घेतला त्याचे ३. मलाही उठवलं, रेझिन वेळेवर दिलं म्हणून मी २ सांगून टाकले, कमी सांगितले तर खात्याचं नाव जातं. टाळ्या झाल्या.

थोरले मालक आतापर्यंत डोळे मिटून बसले होते. त्यांनी बोटांवर बेरीज केली.

"सत्तावीस झाले. बिलात किती दिसतायत रे?"

"टनामागं अकरा, दादा," काका म्हणाले.

"मग सोळा टक्के कुणाच्या खिशात गेले?"

कुणी बोलेना. एचआरनं पाणी प्यायलं. क्वालिटीचे साहेब छताकडं बघायला लागले.

"वसूल करा," थोरले मालक म्हणाले आणि उठून गेले.

तेव्हापासून काका वसुलीवर आहेत. वही घेऊन खात्याखात्यात फिरतात, पुरावा मागतात, मीटरची नोंद मागतात. मेल्टिंगचे दोन सुटले, एचआरनं तिन्ही टक्के गुपचूप परत केले. माझ्या नावावर दोन्हीच्या दोन्ही थकले आहेत, आणि उद्या सकाळी रेझिनचं रजिस्टर घेऊन या म्हणून आताच निरोप आलाय.